गुंफेत अडकलेली आत्या कोणाची?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच वाटेची निघाली, म्हणून भाडेकरार आणि वारसनोंदीची पत्रं पुढच्या अंकात घेते. एक नाशिकच्या सिडकोतून आलंय, एक नाशिक रोडहून, एक पंचवटीतून. तिघांनाही विचारायचंय ते एकच: आपल्या डोक्यातून निघालेली, हातात धरता न येणारी गोष्ट आपली म्हणता येते का?

पत्र पहिलं

"वकीलताई, नमस्कार. मी सिडकोत राहतो, वय चोवीस. अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि शनिवार-रविवार मराठी स्टँडअप करतो. गेल्या नोव्हेंबरात कॉलेज रोडच्या एका कॅफेत ओपन माइकला मी सीता गुंफेचा किस्सा केला. कॅफेवाल्यांनी त्याचा व्हिडिओ टाकला, चारशे जणांनी पाहिला. मार्चमध्ये एका पेजवर दुसऱ्याच मुलानं तोच किस्सा रील करून टाकला. आत्या तीच, शेवटचं वाक्य तेच. नऊ लाख लोकांनी पाहिलं. मी खाली लिहिलं की हा माझा आहे, तर उत्तर आलं, 'जोक कुणाच्या बापाचा नसतो.' माझ्या आत्येनं ते रील मलाच पाठवलं आणि विचारलं, हा मुलगा कोण? ताई, खरंच जोक कुणाचा नसतो का?"

उत्तर

तुमच्या आत्येचा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, हे आधी सांगते.

तुमचा व्हिडिओ आणि ते रील, दोन्ही पाहिलं. मग दोन्हींतला शब्द न् शब्द फुलस्केप कागदावर शेजारी-शेजारी उतरवून काढला, दोन करार ताडून बघताना काढते तसा. तुम्ही पत्रात परवानगी दिलीच आहे, तर वाचकांसाठी किस्सा इथं देते:

"आमची आत्या पुण्याची. नाशिकला आली की आधी काळाराम, मग सीता गुंफा, हे ठरलेलं. गुंफेत उभं राहून जाता येत नाही. आधी वाकायचं, मग बसायचं, मग सरकायचं. आत्या सरकायच्या जागी थांबली. पुढं जाईना, मागं येईना. मागं चाळीस जणांची रांग. कुणीतरी म्हणालं, 'मावशी, श्वास सोडा.' आत्या आतून ओरडली, 'श्वास घेतलाय कधी, सोडायला? मला एकत्र कुटुंबात दिलंय!'"

नऊ वाक्यं. त्यातली सात रीलमध्ये जशीच्या तशी आहेत. उरलेल्या दोनांत चाळिसाचे पन्नास झालेत आणि मावशीची काकू.

आता 'कुणाच्या बापाचा नसतो' याबद्दल. यातलं अर्धं खरं आहे. पाहुणे गुंफेत अडकतात ही गोष्ट तुमची नाही, ती नाशिकच्या घराघरातली आहे. आमच्याकडे मोठे काका अडकले होते आणि अजून एकही लग्न त्या आठवणीशिवाय पार पडत नाही. उद्या कुणी गुंफेत अडकलेल्या जावयावर किस्सा रचला तर तुम्हाला त्याला अडवता येणार नाही. कल्पनेवर, विषयावर, प्रसंगावर कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो तो त्या कल्पनेला तुम्ही दिलेल्या रूपावर, म्हणजे शब्दांवर, क्रमावर, मांडणीवर.

हे आपल्याकडे पक्कं झालं ते १९७८ साली. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्थानी' हे नाटक होतं, विषय प्रांताप्रांतांतला दुजाभाव. नंतर त्याच विषयावर 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. आपलं नाटक उचललं म्हणून आनंद कोर्टात गेले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. न्यायालयानं सांगितलं की विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून ही नक्कल नव्हे. आनंद हरले. पण त्याच निकालात जी कसोटी घालून दिली ती आजही आम्ही वकील रोज वापरतो: दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य माणसाला दुसरी ही पहिलीवरून उचललेली आहे असं निःसंशय वाटतं का? तुमचं प्रकरण या कसोटीला लावून बघा. रील बघून 'हा मुलगा कोण' असं विचारणारी तुमची आत्या हीच ती सामान्य प्रेक्षक.

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात 'विनोद' हा शब्द कुठंही नाही. कलम १३ मध्ये मूळ साहित्यकृती, नाट्यकृती, संगीत, कलाकृती, चित्रपट, ध्वनिमुद्रण असे प्रकार आहेत. विनोद बसतो साहित्यकृतीत. साहित्यकृती म्हणजे काहीतरी थोर असायला हवं असं नाही. दर्जाची अट कायदा घालत नाही, स्वतःच्या डोक्यानं केलेलं हवं एवढंच. लांबीचं मापही नाही, मात्र फार तोकड्या गोष्टीला संरक्षण मिळत नाही. २०१५ साली 'देसी बॉईज' या चित्रपटाच्या नावावरून वाद झाला, तेव्हा नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. म्हणजे 'मला एकत्र कुटुंबात दिलंय' हे एवढंच वाक्य कुणी टी-शर्टवर छापलं असतं तर तुम्हाला झगडावं लागलं असतं. इथं मात्र नऊ वाक्यांची साखळी आहे. वाकायचं, बसायचं, सरकायचं ही चढण, आणि 'श्वास सोडा' वरून एकत्र कुटुंबावर मारलेली उडी. ती उडी तुमची आहे.

विनोदाच्या मालकीवर नेमका वाद झाला तो अमेरिकेत. तिथं कॉनन ओब्रायन यांचा रात्रीचा टीव्ही कार्यक्रम होता. ॲलेक्स कासेबर्ग नावाचे एक विनोदलेखक रोजच्या बातम्यांवर विनोद लिहून इंटरनेटवर टाकायचे. त्यातले काही ओब्रायन यांच्या कार्यक्रमात वापरले गेले म्हणून २०१५ साली कासेबर्ग यांनी दावा लावला. एक विनोद असा: अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूला बक्षीस म्हणून ट्रक मिळाला. तो म्हणाला, ज्यानं आमच्या संघाला सामना जिंकून दिला त्याला मी हा ट्रक देणार. विनोद हा की मग ट्रक हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला जायला हवा, कारण त्याच्याच चुकीनं सामना गेला. आता बघा, ही बातमी वाचून त्या रात्री अमेरिकेत किती जणांना हे सुचलं असेल! २०१७ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की अशा विनोदाला संरक्षण आहे, पण पातळ आहे. विषय सगळ्यांसमोर पडलेला, दोन ओळींत सांगायचा, त्यामुळे सांगण्याचे मार्गच मोजके. म्हणून दोन विनोद जवळजवळ तंतोतंत सारखे असतील तरच नक्कल म्हणता येईल. २०१९ मध्ये खटला उभा राहण्याआधीच दोघांत तडजोड झाली.

तिथले निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाहीत, पण विचार उपयोगी आहे. तुमचा किस्सा त्या ट्रकच्या विनोदापेक्षा बळकट जागी उभा आहे. तो बातमीवर बेतलेला नाही, मोठा आहे, आणि नऊ वाक्यांचा एवढा मेळ योगायोगानं बसत नाही. तरी समोरचा म्हणू शकतो की मला हे स्वतंत्रपणे सुचलं. ते खरं ठरलं तर नक्कल होतच नाही. तेव्हा सगळा भार तारखांवर येतो: नोव्हेंबरचा तुमचा, मार्चचा त्याचा, आणि मधल्या काळात तुमचा व्हिडिओ सगळ्यांना बघायला खुला होता.

इथं माझं एक सांगते, कारण तारखेचा मी इतका आग्रह का धरते ते त्याशिवाय कळणार नाही. कॉलेजात असताना मी एक एकांकिका लिहिली होती. हिरव्या शाईनं, लाँगबुकात, अठ्ठेचाळीस पानं. एका स्पर्धेच्या संयोजकांनी वाचायला मागितली, मी लाँगबुकच उचलून दिलं. झेरॉक्स काढली नाही, कारण तेव्हा अठ्ठेचाळीस पानांचे पैसे जड वाटले. वही परत आली नाही. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गावात मी प्रेक्षकांत बसून माझीच एकांकिका पाहिली. पात्रांची नावं बदलली होती. तिसऱ्या प्रवेशातली म्हातारी कंदिलाची काच फडक्यानं पुसताना जे बोलते ते माझ्या आजीचं बोलणं होतं, तिच्याच शब्दांत. आणि माझ्याकडे दाखवायला एक कपटा नव्हता. मी कुणाकडे गेले नाही. जाऊन काय दाखवणार होते? वकिलीकडे वळण्याची कारणं बरीच होती, पण ती संध्याकाळ त्यातलं मोठं कारण होतं.

तेव्हा आता तुम्ही काय करायचं. किस्सा आजच लिहून काढा आणि स्वतःला ईमेल करा. त्यानं नवा हक्क जन्मत नाही, हक्क तुम्ही रचलात त्या दिवशीच जन्मला, पण पुरावा वाढतो. कॅफेकडून मूळ फाइल मागून घ्या, तिच्यावर तारीख असते. रील अजून जागेवर आहे तोवर पत्त्यासकट आणि तारखेसकट त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, नोंदणी नाही म्हणून हक्क नाही असंही नाही. पण नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. साहित्यकृतीला फी पाचशे रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो, दिल्लीला जावं लागत नाही. अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबवतात. एकेका किस्स्याची नोंदणी करत बसू नका. वर्षभराचे सगळे किस्से एका संहितेत बांधा आणि तिची करा.

रील उतरवायचं असेल तर आधी त्या माध्यमाचा स्वतःचा तक्रार-अर्ज भरा. आपल्या कायद्यातही सोय आहे. कलम ५२ आणि २०१३ च्या नियमांप्रमाणे लेखी तक्रार गेली की छत्तीस तासांत तो मजकूर एकवीस दिवसांसाठी बंद करायचा असतो. पण तक्रारीत तुम्हाला लिहून द्यावं लागतं की मी दावा लावीन आणि एकवीस दिवसांत कोर्टाचा आदेश आणीन. तो आला नाही तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. हे वाक्य न वाचता सही करणारे माझ्याकडे येतात, म्हणून ठळक सांगते. दावा लावायचाच झाला तर समोरचा कुठल्याही गावचा असो, तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. कलम ६२ नं रचनाकाराला दिलेली ही सवलत मोलाची आहे.

एक फरक लक्षात ठेवा. त्यानं तुमचाच व्हिडिओ, तुमचाच आवाज उचलला असता तर कलम ३८ मधला कलावंताचा हक्कही लागला असता. तो पन्नास वर्षांचा असतो, आणि कायद्यातल्या कलावंतांच्या यादीत गायक-नटांबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत, तेव्हा तुम्ही नक्कीच आहात. इथं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून हा मुद्दा संहितेचाच राहतो.

कोर्टाआधी मात्र त्या मुलाला सरळ पत्र लिहा. अमेरिकेत दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी २००८ साली स्टँडअप कलाकारांचा अभ्यास मांडला. त्यांना आढळलं की हे लोक कोर्टात जवळजवळ जातच नाहीत. आधी ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशी बोलतात, आणि नाही ऐकलं तर त्याच्याबरोबर मंचावर उभं राहायला नकार देतात. आपल्याकडे तमाशातल्या बतावण्या फडाफडांतून कानोकानी गेल्या, त्या रचणाऱ्या सोंगाड्यांपैकी फार थोड्यांची नावं आज कुणाला सांगता येतील. तुमच्या किस्स्याचं तसं होऊ नये. नाशिकमध्ये मराठी ओपन माइक घेणारे असे किती? त्या सगळ्यांना तारखांसकट दोन्ही व्हिडिओ पाठवा. शिवी न देता.

पत्र दुसरं

"सौ. वकीलताईंस स. न. वि. वि. मी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. निवृत्तीपासून विनोद जमवतो. वर्तमानपत्रांची कात्रणं, व्हॉट्सॲपवर आलेले, जुन्या लेखकांच्या पुस्तकांतून उतरवलेले, मिळून अकराशे झाले. पंच्याहत्तरीला पुस्तक छापून सगळ्यांना भेट द्यावं म्हणतो. विकणार नाही. मुलगा म्हणतो, केस होईल. होईल का?"

उत्तर

काका, मुलाची काळजी अगदीच अनाठायी नाही. विकलं नाही म्हणून चालतं, हा समज बऱ्याच जणांचा असतो. फुकट वाटण्यासाठी छापणं हेही छापणंच.

तुमच्या अकराशेंचे ढीग करा. पहिला ढीग बिरबलाच्या जातीचा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, ज्याचा कर्ता कुणालाच ठाऊक नाही. तो स्वतःच्या शब्दांत लिहून काढा आणि निर्धास्त छापा. दुसरा ढीग लेखकांचा. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून साठ वर्षं टिकतो. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांचा २०६० च्या अखेरपर्यंत. तेव्हा चिमणराव घ्या, बाकी दोघांसाठी हक्कदारांना पत्र टाका.

तिसरा ढीग व्हॉट्सॲपचा, आणि तोच अवघड. खाली नाव नसलं म्हणजे कर्ता नसतो असं नाही. या महिन्याचं पहिलं पत्र वाचा. त्या मुलाचा किस्साही आता कुणाच्या तरी फोनवर बिननावी फिरत असेल आणि कुणी काका तो वहीत उतरवत असतील. त्या ढिगातले ज्यांचा मासला सगळीकडे सापडतो, नवरा-बायको, गुरुजी आणि बंड्या, ते आपल्या भाषेत नव्यानं सांगा. ज्यांच्यात कुणा एका माणसाचा हात दिसतो, ते सोडा. सोळा वर्षं विनोद वाचणाऱ्याला तो हात ओळखू येतो, मला खात्री आहे.

तुमचाही एक हक्क यात आहे. निवड आणि मांडणी तुम्ही डोकं वापरून केली असेल तर संकलन म्हणून ते तुमचं. नुसती मेहनत मात्र पुरत नाही, थोडी तरी स्वतःची बुद्धी त्यात दिसायला हवी. ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं, तो निकाल डिसेंबर २००७ चा. तेव्हा तारखेनुसार लावू नका, तुमच्या मनाच्या ओघानं लावा. आणि प्रेसमधल्या दिवसांचे तुमचे स्वतःचे दहा-बारा किस्से त्यात घाला. ते वाचायला मला आवडतील.

पत्र तिसरं

हे पत्र चौरेघी वहीच्या पानांवर आहे, चार रंगांच्या पेनांनी लिहिलेलं.

"वकीलमावशी, आम्ही पंचवटीत राहतो. मी सातवीत आहे. आम्ही चौघींनी मिळून एक भाषा बनवली. तिच्यात दोनशे बारा शब्द आहेत आणि अक्षरं पण वेगळी आहेत. क्रियापद पहिलं येतं. मोठ्यांसमोर बोलायचं वाक्य असेल तर शेवटी 'ऊम' लावतो. 'लुमी' म्हणजे शेवटच्या तासाची घंटा व्हायच्या आधीची पाच मिनिटं. आता आमच्यातली एक भांडून ब तुकडीच्या मुलींत गेली आणि तिनं त्यांना आमची भाषा शिकवली. त्या आमच्यासमोर बोलतात. कायद्यानं त्यांना बंद करता येईल का? बाहुबलीमधल्या भाषेसारखी आमची पण खरी भाषा आहे."

उत्तर

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि 'लुमी' हा शब्द मला आपल्या भाषेत हवा होता असं वाटलं. शेवटच्या तासाची ती पाच मिनिटं मला अजून आठवतात, पण त्यांना नाव नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला आवडणार नाही, तरी खरं तेच सांगते. त्यांना बोलण्यापासून अडवता येणार नाही.

'च'ची भाषा येते ना? 'मी शाळेत जाते' हे 'चमी चळेतशा चतेजा' होतं. अक्षर उचलायचं, मागं टाकायचं, पुढं च लावायचा. ही युक्ती कुणीतरी, कधीतरी पहिल्यांदा काढलीच असेल. पण युक्तीवर, रीतीवर, नियमावर कॉपीराइट नसतो. क्रियापद पहिलं आणायचं, शेवटी 'ऊम' लावायचं, हे नियम झाले. ते ज्याला कळले त्याला वापरता येतात. सुटा शब्दही कुणाचा होत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या तेल कंपनीनं पुष्कळ खटाटोप करून स्वतःसाठी एक नवा शब्द घडवला, 'एक्सॉन'. इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुणीतरी तो वापरला तेव्हा तिथल्या अपील कोर्टानं सांगितलं की नुसता एक शब्द म्हणजे साहित्यकृती नव्हे. कंपनीला आपलं नाव वाचवायला दुसरे कायदे होते, पण कॉपीराइट मिळाला नाही.

संपूर्ण भाषेचं काय, हा प्रश्न एकदा अमेरिकेतल्या कोर्टाच्या दारापर्यंत गेला होता. 'स्टार ट्रेक'मध्ये परग्रहावरचे क्लिंगॉन लोक आहेत. त्यांच्यासाठी मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञानं खरी भाषा रचली, १९८५ साली तिचा शब्दकोश निघाला. पुढं काही चाहत्यांनी स्वतःचा चित्रपट करायला घेतला, तेव्हा कंपनीनं दावा लावला आणि क्लिंगॉन भाषाही आमची आहे असं त्यात म्हटलं. त्यावर नवनव्या भाषा घडवणाऱ्यांच्या एका संस्थेनं २०१६ साली कोर्टात निवेदन दिलं, की भाषा कुणाच्या मालकीची नसते, लोक ती बोलतात. त्या निवेदनात मधेमधे चक्क क्लिंगॉन वाक्यं होती! २०१७ मध्ये दोन्ही बाजूंची तडजोड झाली आणि भाषेचा प्रश्न तसाच राहिला. तू म्हणतेस ती बाहुबलीतली भाषा किलिकी. ती मदन कार्की या तमिळ गीतकारांनी रचली. चित्रपट, त्यातले संवाद यांवर हक्क आहे. पण तुम्ही चौघींनी गोदाकाठी बसून किलिकीत नवी वाक्यं बोललात तर कुणी तुम्हाला हटकणार नाही असं मला वाटतं.

आता तुला दोन माणसांबद्दल सांगायचंय.

एक डोळ्यांचे डॉक्टर होते, झामेनहॉफ. १८८७ साली वॉर्सामध्ये त्यांनी एका नव्या भाषेचं छोटं पुस्तक काढलं, तीच एस्पेरांतो. त्या पुस्तकात त्यांनी लिहून दिलं की ही भाषा सर्वांची आहे, तिच्यावरचे माझे सगळे हक्क मी सोडतो. आज जगभर लोक ती बोलतात. काही मुलं तर जन्मापासून घरात ती ऐकत वाढतात.

दुसरे जेम्स कुक ब्राउन, अमेरिकेतले. १९५५ साली त्यांनी लॉगलान नावाची भाषा रचायला घेतली. ती फार बुद्धीनं रचलेली होती. पण शब्दांवर आपला हक्क आहे असं धरून ते आणि त्यांची संस्था अडून बसले. ती भाषा मनापासून शिकलेल्या लोकांनी मग काय केलं असेल? १९८७ च्या सुमाराला ते वेगळे झाले. व्याकरणाचा सांगाडा तोच ठेवला आणि शब्द मात्र एकूण एक नवे घडवले. ती लोज्बान. नावावरूनही भांडण झालं. १९९२ मध्ये कोर्टानं लॉगलान या नावाचा ट्रेडमार्क रद्द केला, कारण ते त्या भाषेचं सर्वसामान्य नाव होऊन बसलं होतं. आज नव्याने शिकणारे बहुतेक जण लोज्बानकडे जातात.

मला ठाऊक आहे, तुझं दुखणं भाषेच्या मालकीचं नाही. गुपित फुटलं, तेही आपल्यातल्याच एकीनं फोडलं, ते दुखतंय. गुपित राखायला कायदा फारसा कामाला येत नाही. महानुभाव पंथाच्या लोकांनी आपले ग्रंथ सकळ लिपी नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिले आणि काही शतकं तिची किल्ली बाहेर जाऊ दिली नाही. त्यांना कुठलाही कायदा पाठीशी नव्हता, माणसांनीच ती सांभाळली. शेवटी विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती उलगडलीच.

पण कायद्यानं तुमचं जे आहे, तेही कमी नाही. ती वही तुमची आहे. शब्दांची यादी, तुम्ही लिहिलेले अर्थ, तुम्ही रंगवलेली अक्षरं, त्या भाषेत लिहिलेली गाणी आणि गोष्टी, हे सगळं साहित्यकृती आणि कलाकृती म्हणून आजपासूनच तुमचं. वय बारा असलं तरी. ब तुकडीच्या मुलींनी वहीची पानं उतरवून वाटली, तर तुम्ही 'नाही' म्हणू शकता. त्यांनी 'लुमी'च्या वेळेला 'लुमी' म्हटलं, तर नाही.

आणि एक गोष्ट चौघींनी एकत्र बसून ऐका. कुणाचा कुठला भाग ते वेगळं काढता येत नाही अशी कृती मिळून केली, तर ती संयुक्त कृती होते. अशा वहीवर चौघींचा सारखा हक्क असतो. भांडण झालं म्हणून एकीचा हक्क जात नाही, उरलेल्या तिघींना तिला वगळून वही छापताही येत नाही. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण चार रंगांच्या पेनांतला जांभळा रंग दुसऱ्या पानापासून दिसत नाही. तो तिचा असावा.

तर आज वहीच्या पहिल्या पानावर भाषेचं नाव लिहा, तारीख लिहा आणि खाली नावं लिहा. चारही. जांभळ्या पेनवाल्या मुलीचं नाव तिच्याकडूनच लिहून घ्या, आणि ते मागायला जाल तेव्हा वाक्याच्या शेवटी 'ऊम' लावू नका.